प्रगतिपुस्तकावरचा अंगठा

जून उजाडला, शाळा उघडल्या, की तालुक्याच्या कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांवर झुंबड उडते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक. दिवसाचा रोज बुडवून आपला माणूस पोरांच्या शिक्षणासाठी रांगेत उभा राहतो, हे पाहून मला दरवर्षी बरे वाटते. शिष्यवृत्तीचा एक रुपयाही सोडायचा नाही, एवढे आपण शिकलो आहोत. परंतु त्याच माणसाला सहज विचारावे, "पोरगं कितवीत आहे?" तो सांगतो, "नववीत." पुढे विचारावे, "अभ्यास कसा चाललाय?" की ठरलेले उत्तर येते. "आपल्याला काय कळतंय त्यातलं, वकीलसाहेब? शाळेत जातंय. क्लास लावलाय. आता त्याचं नशीब."

नशीब हा शब्द चळवळीच्या माणसाच्या तोंडी शोभत नाही, तो वाद तूर्त बाजूला ठेवू. मला काळजी वाटते ती 'आपल्याला काय कळतंय' या तीन शब्दांची. दिसायला हे वाक्य नम्रतेचे. पण पोरगं सातवी-आठवीत गेले, वहीत बीजगणित आणि इंग्रजीचे व्याकरण आले, की आईबाप याच वाक्याचा आधार घेऊन अभ्यासातून हात काढून घेतात. आणि नेमके त्याच वयात पोराला घरातल्या माणसाची सगळ्यात जास्त गरज असते. नववी-दहावीत आपली जी मुले गळतात, त्यांच्यातली कितीतरी गणितामुळे नव्हे, तर घरात कोणी विचारणारेच उरले नाही म्हणून गळतात, असे माझे ठाम मत झाले आहे. हे मत पुस्तकातून आलेले नाही. ते माझ्या घरातून आलेले आहे, म्हणून आधी घरचे सांगतो.

मी मूळचा ईटचा. भूम तालुक्यातले, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले हे गाव. धाराशिव जिल्ह्यातले असले तरी बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या हद्दी इथून लांब नाहीत. ज्वारी-तुरीचे रान, दुधाचा धंदा, तालुकाभर खव्याच्या भट्ट्या आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या, असा सगळा मुलूख. माझे वडील खव्याच्या भट्टीवर कामाला होते, माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. दोघांनाही अक्षरओळख नव्हती. निजामाच्या राजवटीत या भागातले हायस्कूलचे शिक्षण उर्दूतून होते. १९४८ साली ती राजवट गेली, पण गावकुसाबाहेरच्या घरात पहिली पाटी यायला आणखी एक पिढी जावी लागली. त्यामुळे आमच्या घरात आठवीच्या वर्गापर्यंत पोहोचलेला पहिला माणूस मीच.

किल्लारीचा भूकंप झाला ते वर्ष, म्हणजे १९९३. मी आठवीत होतो. सहामाहीचे प्रगतिपुस्तक मिळाले त्यात तीन विषयांच्या गुणांखाली लाल रेघ होती. घरी येऊन मी मायला सांगितले की, जे विषय चांगले गेले त्यांच्याखाली सर लाल रेघ मारतात. मायने शाईच्या दौतीत अंगठा बुडवला आणि मोठ्या समाधानाने 'पालकाची सही' या जागी उठवला. पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा-सतरा वर्षांच्या लढ्याचा, जळलेल्या घरांचा, गेलेल्या जिवांचा तो दिवस. वस्तीत पेढे वाटले गेले, मीही नाचलो. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले होते आणि त्या विद्यापीठाच्या दिशेने निघालेल्या माझ्या दप्तरात तीन लाल रेघा होत्या. आज ते आठवले की मान खाली जाते.

बिंग फुटले ते आठवडी बाजारात. माझे एक सर मायला भेटले. तिने अभिमानाने सांगितले की, "माझ्या पोराला तीन-तीन लाल रेघा हायत." सर आधी हसले, मग त्यांनी तिला खरे काय ते सांगितले. त्या रात्री मार बसणार म्हणून मी तयारीत होतो. मायने हात उचलला नाही. तिने चिमणी मधोमध ठेवली, सुपात तूर घेतली आणि म्हणाली, "वाच."

"काय वाचू?"

"जे येत न्हाई ते."

तेव्हापासून दहावीच्या परीक्षेपर्यंत हा नेम मोडला नाही. ती तूर निवडायची, मी मोठ्याने वाचायचो. तिला त्यातला विषय कळत नव्हता. पण अवघड ओळ आली की माझा आवाज घाईला यायचा, शब्द गिळले जायचे, आणि ती सुपावरची नजर न हलवता म्हणायची, "तितं पळालास. माघारी ये." शाळेतून आलो की तिचा एकच प्रश्न असायचा. "अभ्यास झाला का?" असे तिने कधी विचारले नाही. ती विचारायची, "आज काय चुकलं रं?"

आता वकिलीच्या धंद्यात मला या प्रश्नाची किंमत कळते. ज्या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच दडलेले असते, त्याला आम्ही सूचक प्रश्न म्हणतो. "अभ्यास झाला का?" हा तसला प्रश्न आहे. त्याचे उत्तर जगातले प्रत्येक पोर "हो" असेच देते आणि प्रकरण तिथेच निकाली निघते. "आज काय चुकलं?" याला हो-नाही म्हणता येत नाही. त्यासाठी पोराला दिवस आठवावा लागतो, वही उघडावी लागते. आणि या प्रश्नात आणखी एक गोष्ट आहे. चुकणे हा गुन्हा नाही, ते रोज होणारच, हे त्या अडाणी बाईने मला न सांगता सांगितले होते. ज्या घरात चुकीबद्दल मार बसतो त्या घरातले पोर चूक लपवायला शिकते. मी लाल रेघेचा अर्थ बदलला तो याच भीतीने.

आपण दरवर्षी १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या अठरा-अठरा तासांच्या अभ्यासावर भाषणे करतो. त्या अभ्यासामागे जागणाऱ्या बापाविषयी मात्र कमी बोलतो. परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजी सकपाळांचे बिऱ्हाड एका खोलीचे होते. त्याच खोलीत चूल, सरपण, भांडीकुंडी, जाते आणि बांधलेली शेळीही. सगळ्यांना एकाच वेळी झोपायलाही जागा नाही, मग अभ्यासाला कुठून असणार? तेव्हा रामजींनी वेळेचीच वाटणी केली. भीमाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, दोन वाजता त्याला उठवायचे आणि मग आपण आडवे व्हायचे. काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यावर तो मुलगा वाचत बसे. पुस्तकांना पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींच्या दारी जात. धाकटीकडे रोख पैसे नसतील तर थोरलीचा दागिना घेऊन गहाण टाकत आणि पेन्शन हाती आली की तो सोडवून परत नेऊन देत. दोन्ही मुलांचा खर्च झेपेना म्हणून थोरल्या आनंदरावांची शाळा सुटली, ते नोकरीला लागले.

कोणी म्हणेल, रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, इंग्रजी जाणत होते, मुलाकडून भाषांतर करून घेत होते, आमचे तसे नाही. मान्य. पण रात्री दोनपर्यंत जागायला कोणती पदवी लागते? मुलीच्या दारात पुस्तकासाठी हात पसरायला कोणते व्याकरण यावे लागते? १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे आजच्या हिशेबाने अडतीस टक्केसुद्धा नाहीत. आपल्या पोराला साठ टक्के पडले म्हणून आठ दिवस त्याच्याशी न बोलणाऱ्या बापांनी हा आकडा घरात लिहून लावावा. ज्या शाळेत फळ्याजवळ जायला निघाले की फळ्यामागचे डबे सवर्ण मुले उचलून दूर फेकत, जिथे संस्कृत नाकारून फारसी घ्यायला लावले गेले, तिथून ते अडतीस टक्के आले होते. ते पुढे कोलंबियापर्यंत का गेले, याचे उत्तर गुणपत्रिकेत सापडत नाही. ते दोन वाजता उठवणाऱ्या माणसात सापडते.

या गोष्टीला आता बाहेरच्या जगातल्या संशोधनाचाही दुजोरा आहे. अमेरिकेतल्या नॅन्सी हिल आणि डायना टायसन या दोन अभ्यासक बायांनी २००९ साली सुमारे पन्नास अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. प्रश्न असा होता की, साधारण सहावी ते आठवीच्या वयातल्या मुलांना आईबापांचा नेमका कशाने उपयोग होतो? उत्तर गमतीचे आले. शेजारी बसून गृहपाठात हात घालणाऱ्या आईबापांच्या मुलांची प्रगती त्यामुळे वाढलेली दिसली नाही, उलट काही ठिकाणी ती कमीच दिसली. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मुलाशी शिक्षणाविषयी बोलण्याचा. हे कशासाठी शिकायचे, पुढे काय करायचे, आपल्या घराला यातून काय हवे आहे, अभ्यास कसा आखायचा, हे बोलणे. म्हणजे ज्याला वहीतले कळत नाही म्हणून आपला माणूस माघार घेतो, ते काम मुळात त्याचे नव्हतेच. त्याचे जे काम आहे, त्याला अक्षर लागत नाही.

आपल्या देशातले चित्रही फार वेगळे नाही. 'असर' या संस्थेने २०२० साली, कोरोनात शाळा बंद असताना, खेड्यापाड्यांतून पाहणी केली. चारांपैकी जवळपास तीन मुलांना घरातून अभ्यासाला काहीतरी मदत मिळत होती. आईबाप कमी शिकलेले असलेल्या घरांतही निम्म्याहून जास्त मुलांना ती मिळत होती आणि तिथे मोठ्या भावा-बहिणींचा वाटा मोठा होता. वर्ग जसा वाढतो तशी ही मदत कमी होत जाते, हेही त्यात दिसले. पहिलीच्या पोराजवळ सगळे बसतात, नववीच्या पोराजवळ कोणी बसत नाही.

हे सगळे मला पाठ आहे. तरीही चूक मीच केली. ती कबूल केल्याशिवाय हा लेख पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे होईल.

माझी मुलगी गेल्या वर्षी आठवीत होती. वकील बाप, भाषेचा अभिमान. तिला निबंध लिहायला दिला की मी आपला खुर्चीत मागे रेलून सांगायचो आणि ती उतरवायची. दावा लिहून देण्याची सवय, दुसरे काय! गणित अडले की मी वही ओढून घ्यायचो आणि सोडवून परत द्यायचो. वही सुंदर दिसायची, शेरे उत्तम मिळायचे. सहामाहीला निबंधाच्या पानावर तिने साडेतीन ओळी लिहिल्या होत्या. मी घरात आरडाओरडा केला. माय कोपऱ्यात बसली होती. आता तिचे वय सत्तरीच्या पुढे आहे, डोळ्यांना कमी दिसते. ती शांतपणे म्हणाली, "तूच लिवून देतूस, मग परीक्षेला बी तूच जा की."

उलटतपासणीत मी असा कधी सापडलो नव्हतो.

आता मुलगी रोज संध्याकाळी आजीला धडा वाचून दाखवते आणि आजीला कळेल अशा शब्दांत समजावून सांगते. आजी मधेच अडवते. "दाब म्हंजी काय? कुकरातला का?" मुलीला सांगावे लागते की कुकरातलाही आणि हवेचाही. सांगताना अडखळली की तिचे तिलाच कळते, कुठे आलेले नाही ते. मी त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसतो. खरे सांगतो, ते अवघड जाते.

समजावून घेणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग वही पाहण्याचा. वाचता येत नसले तरी वही पाहता येते. आम्हा वकिलांना खाडाखोड असलेला दस्तऐवज चालत नाही, प्रत्येक खोडीशेजारी सही लागते. गणिताच्या वहीचा न्याय नेमका उलटा आहे. ज्या वहीत एकही खाडाखोड नाही, पाने मोत्यांसारखी, ती वही संशयास्पद समजावी. ते बहुधा गाईडमधून उतरवलेले असते. पोराने स्वतः डोके चालवले असेल तर पानावर गिचमिड दिसते, कोपऱ्यात कच्चे आकडे दिसतात, एक उत्तर खोडून दुसरे लिहिलेले दिसते. ती खाडाखोड हाच अभ्यास केल्याचा पुरावा आहे. वही आणि गाईड शेजारी शेजारी ठेवून ओळी सारख्या दिसतात का, एवढे पाहायला अक्षरओळखही लागत नाही. गाईड घरात असू नये असे मी म्हणत नाही. आधी स्वतः सोडवायचे आणि मग ताडून पाहायचे, हा क्रम मोडू द्यायचा नाही. मराठवाडा कॉपीसाठी बदनाम आहे. त्या कॉपीचा सराव परीक्षेच्या हॉलमध्ये सुरू होत नाही, तो रोजच्या गृहपाठात, आपल्या डोळ्यांदेखत, घरातच होतो.

गृहपाठाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. दहावीला भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे या प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी वीस गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते गुण वर्षभराच्या कामावर वर्गातले शिक्षकच देतात. बोर्डाचा पेपर कोण तपासतो ते कोणालाच माहीत नसते, हे वीस गुण मात्र कोणाच्या हातात आहेत ते आपल्याला माहीत असते. वही पूर्ण असली, वेळेवर दिलेली असली, तर कोणाला आकस ठेवायलाही जागा उरत नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत हा मुद्दा किरकोळ नाही.

आता जागा आणि वेळ. पत्र्याच्या एका खोलीत टीव्ही चालू, बापाचे मित्र बसलेले, मोबाईलवर रील्सचा कालवा, आणि पोराला म्हणायचे, "बस तिकडं अभ्यासाला." रामजींनी जागा नव्हती म्हणून वेळ वाटून घेतली. आपल्याला सात ते नऊ एवढे दोन तास तरी टीव्ही बंद ठेवता येणार नाही का? शाळेचा गृहपाठ आता व्हॉट्सअॅपवर येतो ही एक नवीनच अडचण झाली आहे. फोन घरात एकच आणि तो बापाच्या खिशात. बाप रात्री दहाला येणार, मग पोर गृहपाठ पाहणार कधी? यावर तोडगा साधा आहे. पोराने गृहपाठ शाळेतच वहीत टिपून घ्यावा आणि सरांनी तो फळ्यावर लिहावा, अशी मागणी पालकांनी एकत्र जाऊन करावी. मागितल्याशिवाय काही मिळत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

इथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्याच घरात सात वाजता मुलगा अभ्यासाला बसतो आणि मुलगी भाकरी थापते. भांडी घासून, अंथरुणे घालून तिचा गृहपाठ सुरू होतो तेव्हा दहा वाजलेले असतात, आणि सकाळी पाण्याला उठायचेही तिनेच. मग "पोरीचं डोकं चालत नाही" असा निकाल आपण देतो. सावित्रीमाईंची जयंती करणाऱ्या घरांतही मी हे पाहिले आहे. नववीत एक-दोन विषय राहिले की पुढचा विचार स्थळाचा सुरू होतो. ऊसतोडीच्या पट्ट्यात तर लग्न झाले की एक कोयता वाढतो, त्यामुळे घाई आणखी. २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या आणि विशीच्या आत पोटगीसाठी माझ्यासमोर बसलेल्या मुलींना मी विचारतो, "शाळा कितवीपर्यंत?" उत्तर बहुतेक वेळा नववी असते. खटला कोर्टात माझ्याकडे येतो, पण त्याची सुरुवात न झालेल्या गृहपाठाच्या वहीत असते.

नववीच का, याचेही उत्तर कायद्यात आहे. २००२ साली घटनेत ८६वी दुरुस्ती होऊन कलम २१-क आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत झाला. त्याच दुरुस्तीने पालकांवरही त्या वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे मूलभूत कर्तव्य घातले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो आठवीपर्यंतचा. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके फुकट मिळतात, नववीला ती विकत घ्यावी लागतात. आठवीपर्यंत पोराला शाळेत टिकवण्याची जबाबदारी सरकारची असते. नववीत कायदा हात सोडतो, आणि त्याच वर्षी बीजगणित-भूमिती जड होते, इंग्रजी जड होते. सरकारने बोट सोडले त्याच क्षणी आईबापानेही "आपल्याला काय कळतंय" म्हणत दुसरे बोट सोडायचे? हा हक्क बारावीपर्यंत वाढवून घेण्याची लढाई आपल्याला लढावीच लागेल. ती जिंकेपर्यंत जे पोर आज नववीत आहे त्याचे काय, हा माझा प्रश्न आहे.

काही गोष्टी हाताशी आहेत. आठवीतल्या मुलांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते, तिला शाळेत एनएमएमएस म्हणतात. घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दाखल्यांसाठी रांगेत उभे राहणाऱ्या कितीजणांना ही परीक्षा माहीत आहे? फॉर्म शाळेतूनच भरला जातो. मुलगा सातवीतून आठवीत गेला की पालकाने जाऊन विचारायचे, एवढेच.

पण शाळेत जाऊन विचारायचे, इथेच आपले पाय अडतात. पोलीस ठाण्यात मोर्चा घेऊन जाणारा माणूस शाळेच्या स्टाफरूमच्या दारात चप्पल काढून उभा राहतो. सर "बरं चाललंय" म्हणाले की मागे फिरतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची हजेरी, आकलन व प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. नववी-दहावीला हा कायदा लागू होत नसला तरी माध्यमिक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, त्याच्या सभेला जायचे. गेल्यावर "बरं चाललंय का?" असे विचारायचे नाही. विचारायचे की, कोणत्या विषयात मागे आहे, वर्गात प्रश्न विचारतो का, आणि वही कधी तपासली. वहीवर लाल शाईची बरोबरची खूण आहे आणि आत चूक तशीच आहे, असेही मी पाहिले आहे. तेव्हा वही घेऊनच जायचे. शिक्षकाशी भांडायला जायचे नाही. बहुतेक शिक्षकांना विचारणारा पालक आला की बरेच वाटते, हेही माझे निरीक्षण आहे. मात्र मुलाला मारहाण होत असेल, वर्गात जातीवरून हिणवले जात असेल, तर गप्प बसायचे नाही. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. जातीवरून छळ असेल तर अॅट्रॉसिटीचा कायदा आहेच.

ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना हे सगळे कसे जमणार? दिवाळीनंतर टोळी निघते ती थेट उन्हाळ्यात परत येते, म्हणजे दुसरे सत्र पूर्ण जाते. लहान पोर कोपीवर जाते, नववीचे पोर आजीपाशी राहते. सरकारने २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली, ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी ८२ वसतिगृहे ठरली. आपल्या तालुक्यातले वसतिगृह सुरू आहे का, त्यात आपली मुले किती, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारणे कार्यकर्त्याचे काम आहे. पण वसतिगृह मिळाले नाही तरी फोन आहे. फडावरून रात्री फोन करणारी आई "जेवलास का?" विचारते. त्यानंतर तिने एवढेच विचारावे, "आज काय चुकलं?" माझ्या ओळखीची एक बाई हे करते. कोपीत रेंज नाही म्हणून ती भरलेल्या ट्रॉलीवर चढून फोन लावते. तिचा मुलगा दहावीत आहे.

बाबासाहेबांनाही सगळे घरातूनच मिळाले नाही. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला कृष्णराव अर्जुन केळुसकर या गुरुजींनी हेरले. ते त्याच्या शाळेचे नव्हते, त्याच्या जातीचे नव्हते. त्यांनी पुस्तके दिली, बुद्धचरित्र दिले. आपल्या वस्त्यांत आज असे केळुसकर कमी नाहीत. नोकरीला लागलेले आहेत, कॉलेजात शिकणारे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांनी नववी-दहावीच्या मुलांजवळ नुसते बसायचे ठरवले तर आईबापांच्या हातून जे होत नाही ते होईल.

ईटला मी गेल्या वर्षावासात हे बोललो. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचे वाचन होते. तासाभरात वाचन संपते, दिवे विझतात, कुलूप लागते. बाहेर अंगणात त्याच वेळी पोरे मोबाईल घेऊन बसलेली असतात. मी म्हटले, कुलूप नऊ वाजता लावा. वाचन झाले की पोरांनी आत बसायचे, सतरंजी आहे, पंखा आहे, दोन ट्यूबलाइट आहेत. वस्तीबाहेरचे पोर आले तर त्यालाही बसू द्यायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वीजबिलाचा प्रश्न निघाला, तो दर घराने महिन्याला वीस रुपये देऊन सुटला. मुली रात्री येणार कशा, यावर आयांनी आळीपाळीने सोबत बसायचे कबूल केले. हे मला सगळ्यात आवडले, कारण आया नुसत्या बसणार नाहीत, त्या ऐकतील. तरी पहिला आठवडा कुलूप सातलाच लागत होते, कारण किल्ली कोणाकडे ठेवायची यावर दोन गट पडले होते. आपला समाज आहे, गट पडायचेच. शेवटी किल्ली माझ्या मायकडे आली. तिला नीट दिसत नाही म्हणून ती दार लावायला उठतच नाही, पोरे बसून राहतात.